देव सावकार आहे काय?

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गास मी प्रभूची प्रार्थना समजावून सांगत होतो. ही प्रार्थना येशूने स्वतः आपल्या शिष्यांस शिकविली, आणि जगातील बहुतेक सर्व ख्रिस्ती मंडळ्यांत ती आजही म्हटली जाते. तीत आपल्या ऋणांतून मोकळे करण्याविषयी देवाजवळ जी विनंती आहे तेथवर मी आलो, फळ्यावर ‘ऋण’ हा शब्द लिहिला, आणि त्याच्या पुढे ‘म्हणजे पाप’ असे लिहिले. मागच्या बाकावर बसणारा, मनोरच्या बाजूच्या एका पाड्यावरून येणारा वारली विद्यार्थी उभा राहिला. “सर, ऋण म्हणजे कर्जच ना?” त्याने विचारले. “मग देव सावकार आहे काय?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि हसलो ह्याची मला अजून लाज वाटते. कारण विचारणारा हसत नव्हता. तास संपल्यावर त्याने मला सांगितले की, त्याच्या आजोबांचे वडील लग्नगडी होते.

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे शिकविलेला पाठ, आणि एका मुलाच्या एका प्रश्नाने तो हातातून निसटला. पुढे काही आठवडे मी ह्याच विषयाचा विचार करीत राहिलो. त्या विचाराचे फळ वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. कोणास आपल्या मताकडे ओढावे हा ह्या लेखाचा हेतू नव्हे. पाप आणि देवाशी समेट हे शब्द ख्रिस्ती मनुष्य उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात काय असते, एवढेच सांगावयाचे आहे. आणि ते सांगताना त्या मुलाचा प्रश्न चुकवावयाचा नाही.

प्रथम ‘लग्नगडी’ ह्या शब्दाविषयी. बोईसर-तारापूरच्या वसाहतींत वाढलेल्या पुष्कळ मुलांनी तो ऐकलाही नसेल. डहाणू, उंबरगाव, पालघर ह्या भागांत वारली तरुणास लग्न करावयाचे झाले म्हणजे धान्य, वस्त्र, ताडी ह्यांसाठी थोडीशी रक्कम लागे. ती जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून घ्यावयाची, आणि तिच्या फेडीसाठी नवराबायको दोघांनी त्याच्या घरी व शेतावर राबावयाचे. मोबदला मिळे तो जेमतेम पोटापुरता. मुदल कमी होत नसे, कारण वही सावकाराची, शाई सावकाराची आणि बेरीजही सावकाराचीच. शिवाय पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी सुगीत दीडपटीने परत करावी लागे. बापाचे कर्ज मुलाच्या मानेवर येई. ज्या दिवशी माणसाने संसार मांडला त्याच दिवशी तो संसार दुसऱ्याच्या दावणीस बांधला जाई.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची चौकशी करविली; त्याच्या अहवालात ह्या वेठीची नोंद आहे. परंतु अहवालाने वेठ मोडत नाही. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची सभा भरली आणि ह्यापुढे वेठ करावयाची नाही असा निश्चय झाला. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांनी किसान सभेच्या वतीने ती चळवळ चालविली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरास तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड व इतर काही जण प्राणास मुकले. गोदावरीबाईंनी हा सर्व वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० साली निघालेल्या पुस्तकात लिहून ठेविला आहे. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. त्या काळी डहाणू आणि वाडा येथे मिशनची ठाणी होती आणि दर रविवारी उपासनेत हीच प्रार्थना म्हटली जात होती. तरी लग्नगड्यांची वेठ मोडण्याचे श्रेय आम्हां ख्रिस्ती लोकांकडे येत नाही. ज्यांनी ह्या कामी देवाचे नाव घेतले नाही त्यांच्याकडे ते जाते. पापाविषयी लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकाने आरंभ येथूनच करावा, असे मला वाटते.

असा इतिहास ज्याच्या घरात आहे त्या मुलास ‘पाप म्हणजे देवाचे कर्ज’ असे सांगून मी मोकळा झालो, तर त्याच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहील? ओटीवर वही उघडून बसलेला, आकडा कधीही कमी न करणारा, बापाबद्दल मुलास धरणारा कोणी एक. अशा देवाला माणूस भिईल, त्याची मर्जी राखील, सणासुदीस त्याच्या दारी काही ठेवीलही. पण त्याच्यावर प्रेम करणार नाही. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ ख्रिस्ती माणसेही देवाकडे ह्याच नजरेने पाहतात. उपास, दान, उपासनेची हजेरी हे सारे हप्ते भरल्यासारखे चाललेले असते.

मग हा शब्द शास्त्रात आला कोठून? ही प्रार्थना नव्या करारात दोन ठिकाणी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘ऋण’ असा शब्द आहे. लूकाने त्याच जागी ‘पाप’ असा शब्द घातला आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तीत ‘होबा’ हा एकच शब्द कर्जासही लावीत आणि पापासही. आपणांसही ही कल्पना परकी नाही. ऋग्वेदात वरुणाजवळ आपण केलेली ऋणे दूर करण्याची प्रार्थना आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे शब्द आपण शाळेतच शिकतो. आणि मराठीने तर ह्याच्याही पुढे जाऊन ‘ऋणानुबंध’ असा एक विलक्षण गोड शब्द बनविला आहे. ज्याच्याशी ऋणानुबंध आहे त्याची बाकी आपण काढीत बसत नाही. कर्ज आणि ऋण ह्यांत मराठी माणूस जो भेद करितो तो येथे फार उपयोगी आहे. कर्ज फिटले की देणाराघेणारा एकमेकांचे तोंड पाहावयास बांधलेले नसतात. आईचे ऋण मात्र फिटत नाही, आणि ते फिटावे अशी इच्छाही कोणी धरीत नाही.

तथापि एका शब्दावर सारा भार टाकणे बरे नव्हे. जुन्या करारात पापास अनेक शब्द आहेत, आणि त्यांतील सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द बाजारातला नसून रानातला आहे. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. शास्ते नावाच्या पुस्तकात बन्यामिनाच्या वंशातील ७०० डावखुऱ्या गोफणकऱ्यांचा उल्लेख आहे. केसावर धोंडा मारला तरी नेम चुकावयाचा नाही अशी त्यांची ख्याती होती. तेथे नेम चुकण्यास जे क्रियापद आहे तेच अन्यत्र पाप करण्यास वापरिले आहे. भाताच्या शेतातून पाखरे हाकणाऱ्या मुलास हे समजावून सांगावे लागत नाही. गोफण जोरात फिरली, धोंडा सुटला, आणि गेला भलतीकडे. कधी पाखराऐवजी माणसास लागला. शक्ती होती, धोंडाही चांगला होता. दिशा तेवढी चुकली. दुसरा एक शब्द आहे त्याचा अर्थ बंड, आणि यशया संदेष्टा तो शब्द वापरितो तेव्हा दुःख करणारा देव राजासनावरून बोलत नाही. ज्या मुलांस लहानाचे मोठे केले ती उलटली, असे म्हणणाऱ्या बापासारखा बोलतो. म्हणजे पापाची जागा पेढीवर नाही, घरात आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या पापाची कथा बहुतेकांस ठाऊक असते, पण ती फळापाशीच थांबते. फळ खाल्ल्यानंतर प्रथम काय घडले हे पाहावे. दंड झाला नाही. माणूस झाडांत लपला. जो रोज संध्याकाळी भेटे त्याच्यापासून तो लपला, आणि विचारिले तेव्हा त्याने दोष आपल्या बायकोवर टाकिला. एका क्षणात दोन नाती तुटली. आणि देव जो पहिला प्रश्न विचारतो तो ‘काय केलेस’ हा नाही. तू कोठे आहेस, हा आहे. पुढच्या पिढीत काइन आपल्या भावास मारितो तेव्हा देव विचारतो, तुझा भाऊ कोठे आहे. ख्रिस्ती धर्माचा पापविषयक सारा उपदेश ह्या दोन प्रश्नांत मावतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळणारास दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर फार मोठ्याने विचारला जात आहे. तारापूरचे नाव देशास ठाऊक झाले ते १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्रामुळे. पुढे बोईसरच्या बाजूस कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. रंगांचे, औषधांचे, रसायनांचे शेकडो कारखाने, त्यांत पोट भरणारी हजारो माणसे. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील तेथेच कामास आहेत. ह्या वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रास मिळते, खाड्यांतही उतरते. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर येथील मांगेला कोळ्यांनी मासळी मेल्याच्या आणि कमी झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या. अखेर त्यांच्या समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि २०२२ च्या आरंभी लवादाने कारखान्यांवर मोठ्या भरपाईचा बोजा ठेविला.

कायद्याच्या बाजूचा निर्णय करणे शिक्षकाचे काम नव्हे. मला ह्या उदाहरणात निराळेच काही दिसते. रात्रपाळीत ज्याने झडप उघडली त्या कामगाराचे मुरब्याच्या कोळ्याशी काय वैर? मालकाने तो कोळी कधी पाहिलेलाही नसतो. बाजारात ते औषध स्वस्तात विकत घेणारा मी तर दोघांसही ओळखीत नाही. कोणाच्या मनात द्वेष नाही, कोणी हात उगारला नाही, आणि तरी जाळे रिकामे वर येते. पाप म्हणजे केवळ क्रोध, चोरी, व्यभिचार अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी खाडीकाठी जाऊन उभे राहावे. जेथे नाते होते आणि आपण ते पाहिले नाही, तेथे पाप झाले. दावीद राजाने उरियाची बायको घेतली व त्यास लढाईत मारविले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला कायद्याचे कलम दाखविले नाही. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. गोष्टीतील श्रीमंतावर राजा संतापला, आणि मगच तो श्रीमंत आपणच आहोत हे त्यास कळले. आपले पाप दुसऱ्याच्या गोष्टीत आधी दिसते.

आणि भरपाईविषयी: ती मिळालीच पाहिजे ह्यात शंका नाही. पण रुपये पडल्याने खाडीत मासा परत येत नाही, आणि कोळी व कारखानदार एका पंक्तीस बसत नाहीत. हिशोब मिटणे निराळे, नाते जुळणे निराळे. १९४५ नंतर लग्नगडी सुटले. १९७६ साली वेठबिगार मोडण्याचा कायदा संसदेने केला व तशी सर्व कर्जे रद्द ठरविली. हे मोठे काम झाले, ह्याबद्दल देवाचे आभार मानावे. तरी आजही पावसाळ्यात उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि मनोरहून येणारा मुलगा ‘कर्ज’ हा शब्द ऐकताच सावध होतो. वहीतले पान फाडता येते. मनातला सावकार इतक्या सहजी जात नाही.

आता ख्रिस्ती लोक ज्यास तारण म्हणतात त्याकडे वळू. आमच्या मराठी शास्त्रात येशूने आपला प्राण ‘खंडणी’ म्हणून दिला, असा शब्द आहे. खंडणी म्हटली की ती कोणास दिली हा प्रश्न आलाच. पहिल्या काही शतकांतील कित्येक धर्मपंडित म्हणाले, सैतानास. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म ह्याने ते मत खोडून काढिले आणि असे प्रतिपादिले की, मनुष्याने देवाचा मान हिरावून घेतला आहे, ते देणे मनुष्याने द्यावयाचे पण देण्याची शक्ती केवळ देवास, म्हणून देव मनुष्य झाला. अन्सेल्म हा थोर बुद्धीचा आणि भक्तिमान पुरुष होता. पण त्याचे युग सरंजामदारांचे होते. मान, धनी आणि धन्याचे देणे हीच भाषा त्याच्या लोकांस समजे. तीच भाषा उचलून आपण पालघरच्या वर्गात बोललो की, अन्सेल्मच्या मनातही नसलेला सावकार फळ्यावर येऊन उभा राहतो.

त्यापेक्षा जुन्या करारातील एक चाल आम्हांस अधिक जवळची आहे. लेवीय पुस्तकात सांगितले आहे की, कोणी इस्राएली दरिद्री होऊन परक्याच्या हाती विकला गेला, तर त्यास सोडविण्याचा अधिकार त्याच्या आप्तास आहे. भावाने सोडवावे, चुलत्याने सोडवावे, चुलतभावाने सोडवावे. अशा सोडविणाऱ्या आप्तास इब्री भाषेत ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या कथेतील बवाज हा असाच एक आप्त. ह्या चालीत पाहण्यासारखे हे की, परक्याने दया म्हणून पैसे टाकावयाचे नाहीत. ज्याचे रक्ताचे नाते आहे त्याने यावयाचे, आणि सोडवून घरी न्यावयाचे. लग्नगड्यास असा एखादा आप्त असता, आणि त्याने स्वतःची जमीन विकून त्यास दावणीतून सोडविले असते, तर त्या गड्याने त्यास सावकार म्हटले असते काय? ख्रिस्ती मनुष्य येशूला तारणारा म्हणतो तो ह्या अर्थाने. देव वही घेऊन ओटीवर बसलेला नाही. तो दावणीपाशी आलेला आप्त आहे. वधस्तंभ ही त्या सोडवणुकीची किंमत होय, आणि ती त्याने स्वतः सोसली. क्षमा फुकट असते असे लोक म्हणतात. ते खरे नाही. कोणी कोणाचे शंभर रुपये सोडले तर ते शंभर रुपये हवेत जात नाहीत, सोडणाराच्या अंगावर येतात. अपमानाची क्षमा करणारा तो अपमान गिळतो. क्षमेचा खर्च नेहमी क्षमा करणाराकडे असतो.

त्या खर्चाचा आकडा येशूने एका दाखल्यात दिला आहे. एका राजाच्या चाकराकडे १०,००० तालांत येणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्गातील मुलांस मी हे गणित घातले. सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षास ३०० दिवस काम धरिले तर दोन लाख वर्षे. मुले पुन्हा हसली, आणि ह्या वेळी हसणे योग्य होते. आकडा हास्यास्पदच आहे. असे कर्ज हप्त्यांनी फिटत नाही. पण तो चाकर राजापुढे काय म्हणतो? थोडी सवड द्या, सारे फेडीन! राजाने सर्व सोडले, आणि तो बाहेर पडला तोच शंभर दिनार देणे असलेल्या आपल्या सोबत्याचा त्याने गळा धरिला. त्याचे कर्ज गेले. त्याच्या डोक्यातील वही तशीच राहिली.

पण त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला सापडले ते लूकाच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राच्या गोष्टीत. गोष्ट इतकी परिचयाची की, तिच्यातील एक बारीक जागा मी वर्षानुवर्षे ओलांडून गेलो होतो. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूर देशी गेला, सारे उडविले, दुष्काळात डुकरे राखू लागला, आणि एक दिवस त्याने घरी जावयाचे ठरविले. वाटेसाठी त्याने एक भाषण जुळविले. त्याचे तीन भाग होते: मी पाप केले, मी पुत्र म्हणवून घेण्यास पात्र नाही, मला एका मजुरासारखे ठेवा. तिसरा भाग ध्यानात घ्यावा. त्याचा बेत घरी जाण्याचा नव्हताच, गडी म्हणून राहण्याचा होता. राबून फेडीन, म्हणजे माझे मला तोंड दाखविता येईल, असे त्याने मनाशी योजिले. आता पुढे काय होते ते पाहा. बाप त्यास दुरून पाहतो आणि धावत येतो. मुलगा पहिला भाग म्हणतो, दुसरा म्हणतो. तिसरा म्हणावयास बाप सवडच देत नाही. मध्येच चाकरांस हाक मारितो की, उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. गुलाम अनवाणी चालत. जोडे घालणारा तो घरचा. मजुरीचे बोलणे त्या तरुणाच्या ओठांतच राहिले.

आणि थोरला? तो घर सोडून गेला नव्हता. शेतावरून येतो, वाद्ये ऐकतो, रागावून अंगणातच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. तेव्हा तो जे बोलतो त्यात मूळ ग्रीक क्रियापद गुलामासारखे राबण्याचे आहे: इतकी वर्षे राबलो, आणि एक करडूदेखील मिळाले नाही. म्हणजे धाकटा गडी होण्याच्या बेतात आला, आणि थोरला घरातच राहून गडी झाला होता. दोघांचाही समज एकच की, बाप सावकार आहे. सारी गोष्ट हा समज घालविण्यासाठी सांगितली आहे.

पंडिता रमाबाईंचा अनुभव येथे आठवतो. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या विदुषी होत्या, धर्ममतांचा अभ्यास करून त्यांनी ते पाऊल उचलिले होते. तरी काही वर्षांनी त्यांस उमगले की, आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, ख्रिस्त भेटलेला नाही. आणि ही गोष्ट त्यांनी न लपविता लिहून ठेविली. पुढे सामान्य स्त्रियांस समजेल अशा मराठीत शास्त्र उतरविण्यास त्यांनी आपले उत्तर आयुष्य वेचिले. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

एक शंका राहते, आणि ती योग्य आहे. बापाने फेडीचे बोलणे ऐकून घेतले नाही, तर मग ज्याचे बुडविले त्याचे काय? खाडीचे काय, कोळ्याचे काय? ह्याचे उत्तर जक्कयाच्या कथेत आहे. तो यरीहो येथील जकातदारांचा मुख्य होता, आणि लोकांस नागवून धनवान झालेला होता. येशूने त्यास आधी फेडावयास सांगितले नाही. आधी तो त्याच्या घरी गेला. त्यानंतर जक्कय आपण होऊन म्हणाला की, अर्धे धन दरिद्र्यांस देतो, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्यास चौपट परत करितो. फेड आली, आणि भरपूर आली. परंतु ती जेवणाची किंमत म्हणून आली नाही. हा क्रम उलटा केला की ख्रिस्ती धर्माचे सावकारी दुकान होते. आणि फेड मुळीच आली नाही तर जेवण झाले होते की नाही ह्याचीच शंका घ्यावी.

हा क्रम मी पुस्तकातून शिकलो असे म्हणेन तर ते खोटे होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा रस्त्याच्या कामी गेला आणि मोबदल्याच्या वाटणीवरून माझे व माझ्या धाकट्या भावाचे बिनसले. कागद माझ्या बाजूचे होते. न्याय मात्र नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. चार वर्षे आम्ही एकाच मंदिरात निरनिराळ्या बाकांवर बसलो, प्रभुभोजन घेतले, आणि निरनिराळ्या दारांनी बाहेर पडलो. वेदीपाशी दान आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, हा येशूचा उपदेश मी त्याच वर्षांत मुलांकडून पाठ करून घेत होतो. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी हिशोबाचा कागद खिशात घालून बोईसरला गेलो. काय बोलावयाचे ते गाडीत जुळविले होते. भावाने दार उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि आत वळून बायकोस म्हणाला, “दादा आलाय, एक ताट जास्त घे.” कागद खिशातच राहिला. पैसे दिले, पण ते पुढच्या आठवड्यात. आणि ते देताना मला प्रथमच हलके वाटले.

गेल्या महिन्यात ही गोष्ट, म्हणजे लूकातली, मी त्या विद्यार्थ्यास सांगितली. मजुरीचे वाक्य अर्धवट राहिले ते विशेष करून सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “पण सर, तो मोठा भाऊ आत गेला की नाही?”

मी म्हणालो, “लूकाने ते लिहिलेले नाही. बाप अंगणात उभा राहून त्याची समजूत घालीत आहे, तेथे गोष्ट थांबते.”

“म्हणजे दोघे अजून बाहेरच आहेत,” तो म्हणाला. तेवढ्यात घंटा झाली, आणि मनोरची एस.टी. चुकू नये म्हणून तो दप्तर उचलून धावत गेला.